देवळाची किल्ली

आमच्या गावच्या देवळाची किल्ली आजीच्या घरात, चुलीमागच्या खुंटीला टांगलेली असायची. देऊळ म्हणजे चर्च. नगर जिल्ह्यातली आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. पुण्याला कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींसमोर सहज म्हणाले, "रविवारी देवळात जायचंय," तर त्यांना वाटलं मी धर्म बदलला.

किल्ली वीतभर लांब, लोखंडी, दाते झिजलेली. नुसती घालून फिरवली तर कुलूप ऐकायचं नाही. आधी दार गुडघ्यानं आत रेटायचं, मग किल्ली केसभर वर उचलायची आणि तशीच अधांतरी फिरवायची. हे कसब गावात दोघींनाच ठाऊक होतं, आजीला आणि तिच्या मागं मागं हिंडणाऱ्या मला. शनिवारी संध्याकाळी झाडलोट, कंदिलाच्या काचा राखेनं घासणं, वेदीवरचं कापड बदलणं, रविवारी सकाळी घंटा, हे सगळं आजीकडं. उपासना चालवायचे मास्तर. महिन्यातून एकदा प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, तालुक्याहून पाळकसाहेब यायचे, कधी त्यांच्याबरोबर पाळकबाई. पाळकबाई म्हणजे पाळकाची बायको, या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. मास्तरीणबाई निदान स्वतः मास्तरीण असू शकते, पाळकबाई मात्र कायम नवऱ्याच्या नात्यानंच पाळकबाई.

व्यासपीठाच्या तीन पायऱ्या आजीनं धूळ पुसायला हजारदा चढल्या असतील. बोलायला म्हणून एकदाही नाही. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, तिलाही नाही.

ही किल्ली मला आठवली ती पार फिलाडेल्फियात, डायमंड स्ट्रीट आणि अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर.

लेक तिथल्या टेंपल विद्यापीठात शिकते. तिचं सामान नव्या खोलीवर टाकायला आम्ही गेलो होतो. गाद्या-उश्या वर चढवून झाल्यावर "आई, आता तू जरा फिरून ये" असं आदरानं हाकलण्यात आलं. उत्तर फिलाडेल्फियाची ही वस्ती गरीब, काळ्या लोकांची. तपकिरी दगडाची, एकेकाळी श्रीमंतांची असलेली घरं एकमेकांना चिकटून उभी, मधेच एखादं पडून गेलेलं, पडक्या दातासारखी रिकामी जागा. आणि अशा त्या रांगांच्या वर, फ्रान्समधून उचलून आणून ठेवल्यासारखं, एक प्रचंड गॉथिक चर्च. बाहेरून भिंतींना टेकू दिल्यासारख्या उडत्या दगडी कमानी, कोरीवकाम, उंच निमुळत्या खिडक्या. पाटीवर नाव: चर्च ऑफ द अॅडव्होकेट. पंथ एपिस्कोपल.

एपिस्कोपल म्हणजे आमचे भाऊबंदच. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची ही अमेरिकन शाखा. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाला चर्चचा प्रमुख मानणं शक्य नव्हतं, म्हणून १७८९मध्ये याच फिलाडेल्फियात त्यांनी आपली वेगळी घटना करून घेतली. त्याआधी अमेरिकन वसाहतींत पाळक धाडायची ती लंडनची एस.पी.जी. नावाची मिशन संस्था, १७०१ साली निघालेली. त्याच संस्थेनं पुढे नगर जिल्ह्यातही काम केलं आणि आमचं देऊळ बांधलं. १९७०मध्ये आम्ही उत्तर भारताच्या चर्चमध्ये विलीन झालो ती गोष्ट निराळी. पण प्रार्थनापुस्तकाचा साचा एकच, त्यामुळं परक्या देशात एपिस्कोपल पाटी दिसली की मला चुलतभावाचं घर दिसल्यासारखं होतं. चुलतभाऊ आपल्याला ओळखेलच असं नाही, तरी.

त्या दिवशी दार बंद होतं. घरी येऊन मी वाचायला लागले आणि मग पुढचे काही महिने त्यातच गेले. नवरा म्हणाला, "आपल्या गावच्या देवळाचा इतिहास तरी इतका वाचला होतास का?" नव्हता वाचला. असतोच कुठे लिहिलेला?

चर्च बांधलं जॉर्ज साउथ नावाच्या व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ, त्याच्या बायकोनं आणि मुलीनं. काम १८८७मध्ये सुरू झालं, दहा वर्षं चाललं. वास्तुरचनाकार चार्ल्स बर्न्स. काचचित्रं लंडनहून, क्लेटन अँड बेल यांच्या कारखान्यातून. पैसा भरपूर ओतला, पण एक गोष्ट त्या मायलेकींनी त्या काळच्या मानानं वेगळी केली. बाकांचं भाडं घ्यायचं नाही. आपल्याकडं हे चटकन कळत नाही, पण त्या काळच्या शहरी चर्चमध्ये बाक भाड्यानं मिळायचे. पुढचे महाग, मागचे स्वस्त, आणि फुकट बसणाऱ्यांसाठी कोपऱ्यात किंवा गॅलरीत चार जागा. पाळकाचा पगार त्यातून निघायचा. अॅडव्होकेट मात्र आजूबाजूच्या कामकरी लोकांसाठी 'मोफत चर्च' म्हणूनच उभं राहिलं. हे कामकरी लोक गोरे होते, हे वेगळं सांगायला नको.

काळ्या माणसांना या पंथात जागा होती ती अटीवर. त्याच शहरात अॅब्सलम जोन्स नावाचा गुलामीत जन्मलेला माणूस होऊन गेला. त्यानं पै पै साठवून आधी बायकोचं स्वातंत्र्य विकत घेतलं, स्वतःचं नंतर. तो मेथडिस्ट चर्चमध्ये जायचा. एकदा प्रार्थनेला गुडघे टेकलेले असतानाच विश्वस्तांनी येऊन त्याला ओढून उठवलं, काळ्यांनी इथं बसायचं नाही म्हणून. त्याच्याबरोबरची सगळी काळी माणसं उठून बाहेर पडली ती परत गेली नाहीत. १७९४मध्ये त्यांनी आपलं चर्च उभारलं, सेंट थॉमस. एपिस्कोपल पंथानं ते सामावून घेतलं, जोन्सला दीक्षा दिली, पण प्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या चर्चांच्या, सभेत या मंडळीचा प्रतिनिधी बसणार नाही हे आधीच ठरवून. पुढची साठ-सत्तर वर्षं तो बसला नाही. आत घेतलं, पण किल्ली दिली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर फिलाडेल्फियातले गोरे उपनगरांत निघून गेले. दक्षिणेतून आलेली काळी कुटुंबं त्या घरांत राहू लागली. घरांचे मजल्यावर मजले भाड्यानं गेले, कारखाने बंद पडत गेले आणि श्रीमंत विधवेनं बांधलेलं ते दगडी फ्रेंच स्वप्न मधोमध तसंच उरलं. डागडुजीचा खर्च राजवाड्याचा, मंडळीचं उत्पन्न मजुराचं. अशा ठिकाणी १९६२मध्ये पॉल वॉशिंग्टन रेक्टर म्हणून आले.

रेक्टर या शब्दापाशी जरा थांबते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या पंथात स्वतःच्या पायावर उभी असलेली मंडळी आपला पाळक आपण निवडते. व्हेस्ट्री नावाची निवडून आलेली पंचमंडळी असते, ती बोलावणं धाडते. असा निवडलेला पाळक म्हणजे रेक्टर. एकदा नेमला की बिशपलाही त्याला सहजासहजी हलवता येत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, इमारत कशासाठी वापरायची, कुणासाठी उघडायची, हा हक्क त्याचा. नेमणुकीच्या उपासनेत मंडळीचे वॉर्डन, म्हणजे या पंचांतले मुख्य, सगळ्यांसमोर त्याच्या हातात चर्चच्या किल्ल्या ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा विधी त्यांच्या प्रार्थनापुस्तकात आहे. हे वाचलं तेव्हा मी हसले. आमच्याकडं किल्ली झाडणाऱ्या बाईकडं असायची आणि हक्क तालुक्याला राहायचा. इथं दोन्ही एका मुठीत.

वॉशिंग्टन मूळचे दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचे, जन्म १९२१चा. फिलाडेल्फियातच धर्मशिक्षण घेतलं, मग सहा वर्षं आफ्रिकेत, लायबेरियातल्या कॉलेजात काढली. फोटोत बघितलं तर शांत, जाड चष्म्याचा, शाळामास्तरासारखा माणूस. त्यांना येऊन दोन वर्षं होताहेत तोच १९६४च्या ऑगस्टमध्ये चर्चपासून काही गल्ल्या दक्षिणेला असलेल्या कोलंबिया अॅव्हेन्यूवर दंगल पेटली. तीन दिवस दुकानं फुटत होती. त्या रस्त्याला आता सेसिल मूर या काळ्या वकिलाचं नाव आहे, लेकीचं मेट्रो स्टेशन तेच.

त्यांच्यासमोर प्रश्न साधा होता: मंडळी म्हणजे कोण? रविवारी बाकांवर बसणारी माणसं, की त्या रस्त्यांवर राहणारी सगळी? मराठी बायबलनं आपल्याला 'पाळक' हा शब्द मेंढपाळावरून दिला. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की या वाड्यातली नाहीत अशी माझी आणखीही मेंढरं आहेत. वॉशिंग्टननी म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव याच ओळीवरून ठेवलं. त्यांनी ती ओळ फार शब्दशः घेतली एवढंच.

१९६८च्या ऑगस्टअखेर काळ्यांच्या हाती सत्ता मागणारी देशभरची ब्लॅक पॉवर परिषद अॅडव्होकेटमध्ये भरली. मार्टिन लूथर किंगचा खून होऊन पाच महिनेही झाले नव्हते. १९७०च्या सप्टेंबरमध्ये काळ्यांच्या जहाल ब्लॅक पँथर पक्षानं देशाची नवी घटना लिहायचं अधिवेशन फिलाडेल्फियात घेतलं, तेव्हा येणाऱ्या हजारोंची नावनोंदणी याच चर्चमध्ये झाली. आठवडाभरापूर्वीच पोलिसांनी पँथरांच्या कचेऱ्यांवर पहाटे छापे घालून माणसांना रस्त्यावर कपडे उतरवून भिंतीशी उभं केलं होतं. पोलीस आयुक्त होते फ्रँक रिझो, जे पुढे महापौर झाले. अशा वेळी दार उघडं ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याकडं ज्यांनी मोर्चेकऱ्यांना शाळेच्या वर्गात झोपायला जागा दिलीय त्यांना विचारावं.

पँथर काही देवभक्त नव्हते. पाळकाला शिव्या घालणारेही त्यांच्यात होते. मला वॉशिंग्टनबद्दल विशेष वाटतं ते इथं: आत येणाऱ्यानं आपलं ऐकलंच पाहिजे अशी अट त्यांनी दाराला लावली नाही. आमच्या लहानपणी देवळाच्या ओसरीवर पाऊस लागला म्हणून मेंढ्या घेऊन धनगर थांबले होते, तर पंचांत दोन रविवार वाद चालला. आजी म्हणाली होती, मेंढ्यांनाच नको म्हणता होय रे? पंच चिडले. तिनं पुढच्या शनिवारी लेंड्या झाडल्या.

त्या वर्षांत चर्चच्या आतही एक अडचण होती. लंडनहून आलेल्या त्या सुंदर खिडक्यांत अब्राहामापासून प्रेषितांपर्यंत झाडून सगळे गोरे. खाली बाकांवर बसलेले सगळे काळे. खिडक्या फोडायच्या नव्हत्या. मग १९७३ ते १९७६ या काळात वॉल्टर एडमंड्स आणि रिचर्ड वॉटसन या दोन चित्रकारांकडून चौदा भव्य चित्रं करून घेतली आणि भिंतींवर लावली. बायबलची एकेक ओळ घ्यायची आणि तिच्यासमोर काळ्यांचा इतिहास उभा करायचा. मिसरातली गुलामी, सुटका, संहार, नवी सृष्टी. काही चित्रांतला राग बघवत नाही. वर निळ्या-लाल काचेतून येणारा मऊ उजेड आणि खाली त्या उजेडात तापलेले चेहरे. अनेकांना ही चित्रं चर्चमध्ये नको वाटली असणार, आणि मीही सुरुवातीला पडद्यावर बघितली तेव्हा नजर बाजूला केली. सवयीचा येशू सौम्य असतो ना. पण स्तोत्रसंहिता नीट वाचा, तिच्यातला राग काही कमी नाही. आपण ती चालीवर म्हणतो म्हणून कळत नाही.

आता थोडी वाट सोडून जाते, आपल्या माणसांकडं.

चर्चचा पाया खणायच्या आदल्या वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, तिथून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर असलेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. समारंभाला इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या पंडिता रमाबाई. ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. त्याच्या मागचं एक पान मात्र आपण गाळतो. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये वाँटेजला, अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता, ज्यांचं काम पुण्यात पंचहौदाला चालायचं त्या सिस्टरांच्या मठात. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना पुरुषांना शिकवायचा प्रश्न आला आणि बिशपांनी हरकत घेतली: बाईनं पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, हिंदुस्थानात तर मुळीच नाही. जिनं कलकत्त्याच्या शास्त्रीपंडितांपुढं संस्कृतात बोलून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या, तिला हे ऐकवायचं! रमाबाईंनी ते ऐकून घेतलं नाही. आपल्या सदसद्विवेकाच्या आड बिशप येणार असेल तर तो मला मान्य नाही, अशा अर्थाची त्यांची त्या काळची पत्रं आहेत. हिंदू धर्मातल्या पुरोहितांना सोडून आले ती काय इकडच्यांच्या हाती जायला, हा त्यांचा सूर.

आणि मग त्या फिलाडेल्फियाला आल्या, अमेरिकाभर बोलत हिंडल्या, स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभांपुढं. १८८७च्या अखेरीस बोस्टनला त्यांच्या शाळेसाठी रमाबाई असोसिएशन निघालं, त्याच्या उपाध्यक्षांत एक फिलिप्स ब्रुक्स होते. बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे एपिस्कोपल रेक्टर, त्या काळचे अमेरिकेतले सर्वात गाजलेले प्रवचनकार, आणि त्यांची पहिली चर्चेस फिलाडेल्फियातलीच. म्हणजे एका बाजूनं बिशप बाईचं तोंड बंद करत होते आणि दुसऱ्या बाजूनं त्याच पंथाचा रेक्टर तिच्यासाठी पैसे उभे करत होता. एकाच घरात सासूनं दार लावायचं आणि थोरल्या दिरानं मागचं दार उघडून द्यायचं, तशातली गत.

बिशपांनी रमाबाईंना घातलेला तो प्रश्न पुढं जवळजवळ नव्वद वर्षांनी, त्या येऊन गेल्या त्या फिलाडेल्फियात, अॅडव्होकेटच्या दारात येऊन उभा राहिला.

एपिस्कोपल चर्चनं स्त्रियांना १९७०मध्ये डीकन होऊ दिलं, म्हणजे पहिल्या पायरीपर्यंत. पाळक होऊ देण्याचा ठराव १९७०मध्ये पडला आणि १९७३मध्ये पुन्हा पडला. पडण्याची तऱ्हा मजेशीर आहे. त्यांच्या प्रतिनिधीसभेत प्रत्येक प्रांताचे चार पाळक आणि चार सामान्य सभासद, आणि अशा मोठ्या प्रश्नावर प्रांतवार मोजणी. एखाद्या प्रांताचे दोन बाजूनं, दोन विरुद्ध असे दुभंगले की ते मत 'नाही'तच मोजायचं. त्यामुळं हात वर करणारे जास्त असूनही ठराव हरायचा. स्त्रियांनी हिशेब केला की अशानं आणखी किती तीन-तीन वर्षं जातील.

शेवटी अकरा जणींनी ठरवलं, आणि त्यांना दीक्षा द्यायला तीन बिशप तयार झाले: कॉरिगन, डेविट आणि वेल्स. तिघेही निवृत्त किंवा पदावरून उतरलेले, म्हणजे गमावण्यासारखं थोडं कमी. रॉबर्ट डेविट तर पेनसिल्व्हेनियाचेच कालपरवापर्यंतचे बिशप. त्यांच्या जागी आलेल्या बिशपची संमती नव्हती. मग करायचं कुठं? बिशप नको म्हणत असताना दार कोण उघडणार?

वॉशिंग्टननी उघडलं.

२९ जुलै १९७४, सोमवार, मार्था आणि मरीया या बहिणींचा सण. एकीनं स्वयंपाकघर सांभाळलं, दुसरी पायाशी बसून ऐकत राहिली, त्या बहिणी. दिवस मुद्दाम निवडलेला. भर उन्हाळा, दोन हजारांच्या आसपास माणसं. मिरवणुकीच्या पुढं क्रूस घेऊन चालत होती त्या मंडळीची वॉर्डन, बार्बरा हॅरिस. फिलाडेल्फियाचीच काळी बाई, नोकरी तेलकंपनीच्या जनसंपर्क खात्यात. प्रवचन दिलं हार्वर्डचे काळे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स विली यांनी.

आपल्याकडं लग्नाच्या उपासनेत पाळक विचारतात, कुणाची हरकत असेल तर आता सांगावी. दीक्षेतही हा प्रश्न असतो आणि एरवी त्यानंतर क्षणभर शांतता, एखादं खोकणं, की पुढं. त्या दिवशी हरकती आल्या. विरोधी पाळक एकेक करून पुढं आले, माईकवर बोलले, काहींनी फारच कठोर शब्द वापरले. बिशपांनी सगळं ऐकून घेतलं आणि उपासना पुढं नेली.

अकरांपैकी सर्वात थोरल्या जनेट पिकार्ड, वय ७९. या बाईंनी १९३४मध्ये नवऱ्याला बरोबर घेऊन फुग्यातून साडेसतरा किलोमीटर उंच, स्थितांबरापर्यंत उड्डाण केलं होतं, फुगा चालवत होत्या त्या स्वतः. अकरा वर्षांच्या असताना आईला म्हणाल्या होत्या, मला पाळक व्हायचंय. आई रडत खोलीबाहेर गेली. तेव्हापासून ६८ वर्षं. आभाळात जायला परवानगी लवकर मिळाली, तीन पायऱ्या चढायला नाही. दुसऱ्या एक कॅट्रिना स्वान्सन. दीक्षा देणाऱ्या तीन बिशपांतले वेल्स हे तिचे वडील, आणि नवरा पाळक. म्हणजे आमच्या भाषेत अगदी खरीखुरी पाळकबाई. त्या दुपारी ती पाळक होऊन बाहेर पडली.

एक गोष्ट मला टोचली ती सांगते. अकराही जणी गोऱ्या होत्या. घर काळ्यांचं, जोखीम काळ्या पाळकाची, क्रूस काळ्या बाईच्या हातात, आणि दीक्षा गोऱ्यांना. वाचताना वाटलं, हॅरिसबाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल?

सुमारे पंधरा दिवसांत बिशपांची तातडीची बैठक शिकागोत भरली आणि त्यांनी जाहीर केलं की त्या दीक्षा ग्राह्य नाहीत. चार्ल्स विलींनी निषेध म्हणून प्रतिनिधीसभेच्या उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन शहरातले आणि ओहायोतले असे दोन रेक्टर धर्मन्यायालयात उभे केले गेले. गुन्हा काय, तर आपल्या वेदीवर या नव्या पाळक स्त्रियांना प्रभुभोजन देऊ दिलं. म्हणजे खटला बायकांवर नाही, दार उघडणाऱ्यांवर. १९७६मध्ये मिनियापोलिसच्या अधिवेशनात ठराव अखेर पास झाला आणि १ जानेवारी १९७७पासून लागू झाला.

हे वाचत होते तेव्हा मला एक रविवार आठवला. पाऊस होता, यष्टी आली नाही, त्यामुळं पाळकसाहेब नाहीत, आणि मास्तर तापानं पडलेले. आजीनं नेहमीसारखं दार गुडघ्यानं रेटून उघडलं होतं, घंटा दिली होती, पंधरा-वीस माणसं भिजत येऊन बसली होती. अर्धा तास झाला. पोरं चुळबुळायला लागली. आजी शेवटच्या बाकावरून उठली, पुढं गेली, पायऱ्यांपाशी थांबली. चढली नाही. खालीच उभी राहून तेविसावं स्तोत्र म्हणाली, तोंडपाठ, पदर सारखा करत. मग प्रभूची प्रार्थना. मग म्हणाली, "जा आता घरी, पाऊस वाढतोय." कुणी हरकत घेतली नाही. ती पायरी चढली असती तर घेतली असती का, मला खरंच सांगता येणार नाही.

बार्बरा हॅरिस यांनी पायऱ्या चढल्या, एकेक. १९७९मध्ये डीकन, १९८०मध्ये पाळक. धर्मशाळेची पदवी नाही, घटस्फोटित, काळी, बोलायला तिखट, एवढे 'दोष' असूनही मॅसॅच्युसेट्सनं १९८८मध्ये त्यांना सहायक बिशप निवडलं. ११ फेब्रुवारी १९८९ला बोस्टनमध्ये त्या बिशप झाल्या. सगळ्या जगातल्या अँग्लिकन चर्चमधली पहिली स्त्री बिशप. धमक्या इतक्या आल्या होत्या की पोलिसांनी गोळी न लागणारं जाकीट देऊ केलं. त्यांनी घातलं नाही. आणि प्रवचनाला उभे राहिले ते पॉल वॉशिंग्टन, तोवर निवृत्त झालेले.

वॉशिंग्टन अॅडव्होकेटमध्ये पंचवीस वर्षं होते, १९८७पर्यंत. शेवटच्या काळात १९८५ची ती भयानक घटना घडली, शहराच्या पोलिसांनी मूव्ह नावाच्या काळ्यांच्या एका बंडखोर गटाच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बाँब टाकला, ११ माणसं मेली, ६१ घरं जळाली. महापौरांनी नेमलेल्या चौकशी आयोगात वॉशिंग्टन होते. त्यांच्या पत्नी क्रिस्टीन यांनी तिकडं चर्चच्या नावानं गृहसंस्था चालवून आजूबाजूची मोडकी घरं पुन्हा राहण्याजोगी केली. पाळकबाईंचं काम म्हणायचं का हे? म्हणायलाच हवं, पण मग त्या शब्दाचा अर्थ जरा वाढवून घ्यावा लागेल. २००२मध्ये वॉशिंग्टन गेले, २०२०मध्ये हॅरिस. इमारतीला १९९६मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दर्ज्यानं छप्पर गळायचं थांबत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याच्या मालकाला ठाऊक आहे.

गेल्या शरदात मी पुन्हा गेले, या वेळी दुपारी, जेवणाच्या सुमारास. मुख्य दार बंदच, पण बाजूच्या दाराशी माणसांची रांग होती, आतून सूपचा वास. दारावर एक आडव्या बांध्याची मावशी, गळ्यात दोरीला किल्ल्यांचा जुडगा. मी म्हटलं, मला जेवायचं नाहीये, आत चर्च बघायचंय. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जेवायचं का नाहीये?" मग जुडग्यातली एक किल्ली लावली, ती लागेना. दुसरी, तीही नाही. तिसरी घालून तिनं दार खांद्यानं आत ढकललं, किल्ली जरा वर उचलली आणि फिरवली.

मी आत जाऊन बसले. ऊन पश्चिमेकडच्या काचांतून तिरपं येत होतं.

त्या रात्री आत्याला फोन केला. आत्या अजून गावीच असते. तिला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला, अकरा जणी, फुगा, बिशप. ती मधेच म्हणाली, "अगं, आपल्याकडं पण आलीय की नवी पाळक, पोरगीच आहे, तिशीतली. चांगलं बोलते. आवाज जरा बारीक आहे."

"मग तिला काय म्हणता? पाळकबाई?"

"छे, पाळकबाई कशी म्हणणार, ती काय कुणाची बायको म्हणून आलीय? पाळकसाहेबच म्हणतो."

"आणि तिच्या नवऱ्याला?"

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मागं टीव्हीचा आवाज येत होता.

"त्याचं अजून काही ठरलं नाही बघ. पोरगा बरा आहे. शनिवारी येतो, झाडूनबिडून जातो. किल्ली आता त्याच्याकडंच असते."